चार तारा, रात्रीचे तीन

परवा ऑफिसातून रिलीज संपवून निघेपर्यंत अडीच वाजले. कॅबमध्ये हेडफोन लावून इझ्रायल कामाकाविवोओलेचं 'ओव्हर द रेनबो' ऐकलं.. आणि चक्क डोळे भरून आले. एक आवाज, चार तारांचं युकुलेले. बास!

या गाण्याची जन्मवेळही अशीच. १९८८, होनोलुलू, रात्रीचे तीन. रेकॉर्डिस्ट मिलान बर्टोसा स्टुडिओ बंद करत होता, तेवढ्यात फोन आला. अवाढव्य देहाचा इझ्रायल आला, बसला आणि एकाच टेकमध्ये गाऊन गेला.

गंमत म्हणजे युकुलेले मूळचं हवाईचं नाहीच. १८७९ साली मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला पोर्तुगीज मजूर आले, त्यांच्या छोट्या गिटारीतून ते घडलं. राजा कालाकाउआनं त्याला दरबारात मान दिला. १८९३ मध्ये त्याच्या बहिणीचं, राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं. वाद्य उरलं.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, हे गाणं 'फेसिंग फ्यूचर' अल्बममधून आलं. तो अल्बम सुरू होतो हरवलेल्या हवाईच्या दुःखानं. हे कळल्यापासून मला हे गाणं नुसतं 'गोड' वाटत नाही.

१९९७ मध्ये इझ्रायल गेला. वय फक्त ३८.

असो. आज रात्री दिवे मालवून ऐकाच.