दुखण्याला शब्द शोधताना

"डॉक्टर, दुखतंय." "कसं दुखतंय?" या साध्या प्रश्नावर बरेच रुग्ण गडबडतात. काही जण चिडतातही: दुखतंय म्हणजे दुखतंय, त्यात कसं काय? पण जुनाट दुखण्याचं कारण अनेकदा एक्स-रेत किंवा रक्ततपासणीत सापडत नाही. तेव्हा रुग्णाचं सांगणं हाच एकमेव पुरावा उरतो. ते सांगणं मोजता आलं नाही, तर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत" असं ऐकून घ्यावं लागतं.

१९५० च्या दशकात रोनाल्ड मेलझॅक हे तरुण कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत ओरेगॉन इथे विल्यम लिव्हिंग्स्टन या शल्यचिकित्सकांच्या हाताखाली काम करत होते. तिथे मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या एक वृद्ध बाई यायच्या. नसलेला पाय त्यांना दुखायचा, आणि तो कसा दुखतो हे त्या नाना शब्दांत सांगायच्या. मेलझॅक ते शब्द टिपून ठेवू लागले.

या नादातूनच पुढचं काम उभं राहिलं. १९७१ मध्ये त्यांनी आणि टॉर्गरसन यांनी वेदनेच्या १०२ इंग्रजी शब्दांची वर्गवारी केली. कोणता शब्द जास्त तीव्र, हे डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी यांना विचारून ठरवलं. १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध झाली: २० गट, ७८ शब्द. काही शब्द दुखण्याचा प्रकार सांगणारे, तर काही ते दुखणं किती जीव खातं हे सांगणारे. १९८७ मध्ये १५ शब्दांची छोटी आवृत्ती आली. दवाखान्याच्या गर्दीत तीच जास्त सोयीची.

प्रश्नावली इतर भाषांत जाऊ लागली तशी पंचाईत झाली. त्या यादीत 'बोरिंग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ भोक पाडत गेल्यासारखी वेदना. घाईत भाषांतर करणारा 'कंटाळवाणी' लिहून मोकळा होईल! 'शार्प'ला कोशात 'तीक्ष्ण' मिळतं, पण "माझ्या गुडघ्यात तीक्ष्ण वेदना आहे" असं म्हणणारा रुग्ण मला तरी अजून भेटलेला नाही. आपल्याकडे कळ येते, चमक निघते, दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. यातल्या 'उसण'ला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणाल?

फिनलंडच्या संशोधकांनी १९८१ साली वेगळी वाट धरली. भाषांतर करत बसण्याऐवजी त्यांनी फिनिश भाषेतलेच वेदनेचे शब्द गोळा केले आणि मेलझॅक यांच्या पद्धतीने त्यांची प्रतवारी केली. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. पण त्यात एक अडचण आहे: मग दोन देशांतल्या आकड्यांची तुलना सरळ करता येत नाही.

भाषांतरच करायचं, तर त्याची पारख करावी लागते. २००० साली प्रसिद्ध झालेली एक पद्धत आज खूप वापरली जाते. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्हींतून एक मसुदा तयार करायचा, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या दोघांनी तो उलट इंग्रजीत आणायचा. 'कंटाळवाणी'सारखी चूक इथे पकडली जाते. नंतर ३०-४० जणांना मसुदा देऊन "या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला काय लागला?" असं विचारायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच टप्पा. "० ते १० मध्ये किती दुखतं?" असं मी एका आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बारा आणे." आकडा चोख होता, मोजपट्टी मात्र त्यांची स्वतःची होती.

त्यानंतर आकड्यांची परीक्षा. दुखणं तसंच असताना चार दिवसांनी फॉर्म पुन्हा भरला, तर गुण जवळपास तेवढेच यायला हवेत. उपचाराने खरोखर आराम पडला, तर ते उतरायला हवेत. आणि शब्द बरोबर असूनही प्रश्न चुकू शकतो. कंबरदुखीची १९८० ची ऑस्वेस्ट्री प्रश्नावली खुर्चीत किती वेळ बसता येतं ते विचारते. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईला खरा त्रास कुठे होतो, हे त्यात येतच नाही.

म्हणून असा फॉर्म हाती आला आणि त्यात तुमच्या दुखण्याचा शब्द नसला, तर जवळचा म्हणून भलत्याच शब्दावर खूण करू नका. तुमचा शब्द समासात लिहा, आणि कोणत्या कामाला बसताना-उठताना अडतं तेही लिहा.