गाल्वाचा व्यस्त प्रश्न : पद्धतीची मर्यादा आणि प्रश्नाची मर्यादा

एव्हारिस्त गाल्वा (१८११–१८३२) ह्यांनी प्रत्येक बहुपदीशी एक परिमित गट निगडित केला. मुळांमधील परिमेय सहगुणकांचे सर्व बैजिक संबंध अबाधित राखणारे मुळांचे जे क्रमचय, त्यांचा हा गट होय. ह्या विचाराची दिशा उलट केली म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो : कोणताही परिमित गट दिला असता, तो परिमेय संख्याक्षेत्रावरील एखाद्या बहुपदीचा गाल्वा-गट असतो काय? ह्यासच व्यस्त प्रश्न म्हणतात.

प्रश्नाचा पद्धतशीर विचार हिल्बर्ट ह्यांच्या १८९२ च्या प्रबंधापासून सुरू होतो. बहुपदीच्या सहगुणकांत चल राशी असतील, तर त्यांना अनंत प्रकारे परिमेय मूल्ये देऊनही गाल्वा-गट तोच राखता येतो, असे त्यांनी दाखविले. १९१८ मध्ये एमी नोएथर ह्यांनी ह्याच पायावर एक व्यापक योजना मांडली. गटाच्या क्रियेने चलांची अदलाबदल होत असता जी परिमेय फले अविकृत राहतात, त्यांचे क्षेत्र तितक्याच स्वतंत्र राशींनी निर्माण होत असेल, तर तो गट परिमेय क्षेत्रावर खात्रीने मिळतो. सममित गटाच्या बाबतीत ही अट पूर्ण होते. सर्वच गटांच्या बाबतीत ती होईल काय?

१९६९ मध्ये रिचर्ड स्वान ह्यांनी ह्याचे उत्तर नकारार्थी दिले. ४७ घटकांच्या चक्रीय गटास ही अट लागू पडत नाही. परंतु एवढ्यावरून तो गट दुष्प्राप्य ठरत नाही. २८३ = ६ × ४७ + १ ही अविभाज्य संख्या आहे. एकाची २८३ वी मुळे परिमेय क्षेत्रास जोडली असता २८२ घटकांचा चक्रीय गाल्वा-गट मिळतो, आणि त्या विस्तारातील ४७ व्या घाताच्या उपक्षेत्राचा गट नेमका इष्ट गटच असतो. नोएथर ह्यांची अट पर्याप्त आहे, आवश्यक नाही; खंडन झाले ते योजनेचे, प्रश्नाचे नव्हे.

दरम्यान अन्य मार्ग खुले झाले होते. शोल्झ व रायखार्ट ह्यांनी १९३७ मध्ये विषम अविभाज्य संख्येच्या घाताइतके घटक असलेले गट अंकगणिती पद्धतीने मिळविले. १९५४ मध्ये शाफारेविच ह्यांनी, ज्यांची समीकरणे मूलचिन्हांनी सुटतात अशा सर्वच गटांपर्यंत हा मार्ग नेला. त्या सिद्धतेत २ ह्या अविभाज्य संख्येसंबंधी राहिलेली उणीव त्यांनी १९८९ मध्ये दूर केली. १९८४ मध्ये जॉन टॉम्पसन ह्यांनी निराळ्याच साधनाने 'मॉन्स्टर' हा प्रचंड गट परिमेय क्षेत्रावर प्राप्त केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस २६ विकीर्ण साध्या गटांपैकी १,०२,००,९६० घटकांचा माथ्यू-गट 'एम-२३' एवढाच उरला होता.

ह्या इतिहासाचे मर्म संशोधकाने ध्यानी घ्यावे. एखादी पद्धती अपुरी ठरली, तर त्यातून त्या पद्धतीविषयीचे ज्ञान मिळते. प्रश्नाविषयीचा निर्णय मात्र स्वतंत्रपणेच सिद्ध करावा लागतो.