बोर्डो, दावण्या आणि गाईचं शिंग

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय असं विचारलंत, तर तो फ्रान्सचं नाव घेणार नाही. मोरचूद एका बादलीत, कळीचा चुना दुसऱ्या बादलीत, दोन्ही गाळून एकत्र केले की जे आकाशी पाणी तयार होतं ते बोर्डो. बागेवर दावण्या (म्हणजे डाऊनी मिल्ड्यू) येऊ नये म्हणून मारायचं औषध. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना मात्र बोर्डो म्हटलं की महागाची रेड वाइन आठवते. गंमत अशी, की ही दोन्ही बोर्डो एकाच गावची आहेत. या वीकान्ताला त्यांचीच गोष्ट.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळापासून खाल्ल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून रोपं मागवली, कारण अमेरिकन वेलींची मुळं या किडीला दाद देत नाहीत. पण त्या रोपांबरोबर दावण्याही आला. (एक बग काढायला लायब्ररी आणावी आणि तिने दुसरा बग सोबत आणावा, हे आपल्याला नवीन नाही.) १८८२ मध्ये मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बोर्डोजवळच्या मेदोक भागात, सँ-ज्युलियाँ गावच्या बागांमधून चालले होते. सगळ्या बागेची पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या. चौकशी केल्यावर कळलं, की येणारे-जाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, दिसायला विषारी दिसावं म्हणून! मियार्देंनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेला उपाय असा बुरशीला लागू पडला आणि फिरत फिरत तासगावच्या पंपात आला.

आता त्याच मेदोकमधली एक इस्टेट घेऊ. नाव शातो पाँते-काने, गाव पोयाक, म्हणजे सँ-ज्युलियाँच्या अगदी शेजारचं. किती जुनी? आमच्या शिरवळच्या सुभानमंगळावर शिवाजी महाराजांच्या माणसांची आदिलशाही फौजेशी लढाई झाली १६४८ मध्ये. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी, औरंगजेब अजून दख्खनमध्येच असताना, तिकडे जाँ-फ्रान्स्वा द पाँते याने पोयाकला ही जमीन घ्यायला सुरुवात केली. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या वाइन्सची पाच श्रेणींत यादी झाली, त्यात पाँते-कानेला पाचवी श्रेणी मिळाली. हे अप्रेझल आजही चालू आहे. शेजारच्या मूताँ इस्टेटला १९७३ मध्ये प्रमोशन मिळालं, यांना नाही!

१९७५ मध्ये तेसराँ कुटुंबाने ही इस्टेट विकत घेतली. हे कोन्याकच्या धंद्यातलं घराणं, म्हणजे पैसा मुरलेला. २००४ मध्ये आल्फ्रेड तेसराँ आणि त्यांचे व्यवस्थापक जाँ-मिशेल कोम यांनी काही हेक्टरवर बायोडायनॅमिक पद्धत सुरू केली आणि वर्षभरात ती सगळ्या ८१ हेक्टरवर नेली. पुढे ट्रॅक्टरच्या जागी काही भागात घोडे आले.

बायोडायनॅमिक म्हणजे काय? १९२४ च्या जूनमध्ये रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने कोबरविट्स इथे (आता हे पोलंडमध्ये आहे) शेतीवर आठ व्याख्यानं दिली. शेत म्हणजे एक स्वयंपूर्ण जीव, बाहेरून खत-औषध आणायचं नाही, हा गाभा. त्याच्याभोवती विधी. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढायचं, चिमूटभर घेऊन तासभर पाण्यात घुसळायचं आणि शेतात शिंपडायचं. चंद्र-नक्षत्रं पाहून कामं करायची. जीवामृत आणि पंचांग दोन्ही माहीत असलेल्या आपल्या लोकांना यात धक्का बसण्यासारखं फारसं नाही. आणि हो, स्टायनर स्वतः दारूच्या विरोधात होता. आज त्याचं नाव सगळ्यात जास्त वाइनच्या बाटल्यांमुळे घेतलं जातं, याला काय म्हणावं!

शिंगाने खरंच काही होतं का? कॅलिफोर्नियात युकाया इथे द्राक्षांच्याच बागेत काही वर्षं तुलना केली गेली. निम्मी बाग साधी सेंद्रिय, निम्मी बायोडायनॅमिक. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक सापडला नव्हता. माझा अंदाज असा, की शिंगात जादू नाही. पण ज्याला शिंगं पुरायची, घुसळायची, तिथीप्रमाणे फिरायचं असतं, तो माणूस बागेत रोज जातो. आणि जो रोज जातो त्याला पानामागचा पहिला पांढरा डाग दिसतो.

असो. खरा मुद्दा शिंगाचा नाहीच. तो २००७ चा आहे. त्या उन्हाळ्यात मेदोकमध्ये पाऊस थांबेना आणि दावण्याने बागा धरल्या. बायोडायनॅमिकमध्ये दावण्यावर मारायला परवानगी आहे मुख्यतः एकाच गोष्टीला, ती म्हणजे ताम्र. म्हणजे तेच आपलं बोर्डो, तेही मोजून. तेसराँचा धीर सुटला आणि त्यांनी रासायनिक बुरशीनाशक मारलं. तीन वर्षांची तपश्चर्या गेली, प्रमाणपत्राचं घड्याळ पुन्हा शून्यावर. २०१० मध्ये ते प्रमाणपत्र मिळालं. २००९ आणि २०१० च्या वाइन्सना रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने १०० पैकी १०० गुण दिले. मग २०१८ आलं. पुन्हा तसाच दावण्या. या वेळी त्यांनी रसायन मारलं नाही आणि सुमारे दोन-तृतीयांश पीक जाऊ दिलं.

वाइनवर लिहिणारे इथे टाळ्या वाजवतात. मलाही ही गोष्ट आवडते. पण शिरवळला नीरा ओलांडून सातारा, कराड करत तासगावला उतरलं की याच गोष्टीचा अर्थ बदलतो.

तासगाव भागात बाग असते एक-दोन एकर. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. कोवळी फूट आणि फुलोऱ्याच्या दिवसांत परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की पान ओलं राहतं आणि दावण्या काही दिवसांत घडावर उतरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेमकं हेच झालं. चिखलात ट्रॅक्टर जात नाही म्हणून लोक पाठीवर पंप घेऊन बागेत होते. यातल्या कुणाला सांगा, की मन घट्ट कर, दोन-तृतीयांश पीक जाऊ दे, पुढच्या वर्षी शंभर गुण मिळतील. सोसायटीचं कर्ज पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. त्याच्या मालाला श्रेणी नाही, तळघर नाही, जुन्या सालाचा साठा नाही. टिकणारी एकच गोष्ट म्हणजे बेदाणा, आणि तोही बाजारभावाच्या हातात.

मारलं तरी सुटका नाही. २०१० मध्ये भारतातून युरोपात गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे अडकली. वाढ रोखून घड चांगले यावेत म्हणून बागायतदार ते सर्रास वापरत होते. शुद्ध माल हवा ही गिऱ्हाइकाची अपेक्षा रास्तच आहे. पण शुद्धतेची किंमत सगळी शेताच्या बाजूला पडते, हेही तेवढंच खरं.

मग आपल्याकडे पर्याय नव्हताच का? होता, आणि तो याच मातीतला होता. श्री. अ. दाभोळकर (१९२४-२००१), साताऱ्याच्या दाभोळकर कुटुंबातले, नरेंद्र दाभोळकरांचे थोरले भाऊ, गणिताचे माणूस. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि तासगावचे द्राक्षबागायतदार त्यातले बिनीचे शिलेदार ठरले. पद्धत साधी. प्रत्येकाने आपल्याच बागेत छोटा प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं. एका पानावर किती ऊन पडतं, एक घड पिकवायला किती पानं लागतात, हा हिशेब शेतकऱ्याने स्वतः करायचा. पदवीची अट नाही. याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हे वाण निवडलं. तेही अशाच डोळसपणे बागेत रोज बघण्याचं फळ.

कोम यांचं बागेत रोज फिरणं आणि प्रयोग परिवारातल्या शेतकऱ्याचं पानं मोजणं यात मला फार अंतर दिसत नाही. फरक धोका कोण उचलतो याचा आहे. पोयाकला तो एका श्रीमंत घराण्याने उचलला. प्रयोग परिवारात तो वाटला जायचा. एकाचा प्रयोग फसला तर तोटा दोन ओळींचा, धडा मात्र सगळ्या गावाचा. पण दहा दिवसांच्या पावसाचा धोका नुसत्या ज्ञानाने वाटला जात नाही. त्याला वेळेवर मिळणारा विमा लागतो, आच्छादनाला भांडवल लागतं, आणि डागी पण स्वच्छ फळाला भाव देणारं गिऱ्हाईक लागतं. म्हणजे आपण.

तेव्हा बाटलीवर ‘बायोडायनॅमिक’ लिहिलेलं दिसलं तर जरूर घ्या, परवडत असेल तर. फक्त त्या लेबलामागे गाईचं शिंग जेवढं आहे, तेवढंच बुडालेलं साल सोसायची ऐपतही आहे, हे लक्षात असू द्या. आणि मंडईत मण्यावर निळसर डाग असलेला घड दिसला तर नाक मुरडू नका, घरी नेऊन नीट धुऊन खा. तो डाग बोर्डोचा असेल.