चाकणची कांदा बाजारपेठ

पुणे जिल्ह्यातील कांद्याच्या घाऊक व्यापाराचे एक प्रमुख केंद्र. खेड तालुक्यातील चाकण हे गाव पुण्याच्या उत्तरेस सु. ३० किमी.वर, पुणे–नासिक मार्गावर वसले आहे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या वेढ्याला फिरंगोजी नरसाळ्याने येथील संग्रामदुर्गातून पन्नासहून अधिक दिवस तोंड दिले. परंतु अलीकडच्या काळात चाकणचे नाव गाजले ते कांद्यामुळे.

कांद्याची पावसाळी, रांगडा व उन्हाळी अशी तीन पिके निघतात. पावसाळी कांद्यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो लवकर विकावा लागतो. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने टिकतो. मात्र ज्याच्याकडे चाळ नाही किंवा ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला तोही काढणीच्या हंगामात, म्हणजे भाव पडलेला असताना, विकावा लागतो. लिलाव उघड झाला, तरी थांबण्याची ताकद व्यापाऱ्याकडेच राहते.

सत्तरीच्या दशकात कांद्याची निर्यात ‘नाफेड’ या सहकारी पणन संघामार्फतच होई. देशात भाव चढले की सरकार निर्यात रोखी. भाव कोसळल्यावर मात्र खरेदीची तत्परता तेवढी दिसत नसे. शहरी ग्राहकाला मिळालेल्या या स्वस्ताईची किंमत कोरडवाहू पट्ट्यातील शेतकरी मोजत होता. स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून चाकणजवळील आंबेठाण येथे शेती करू लागलेले शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी हा हिशेब मांडला आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन केली. १९८० च्या आरंभी कांदा उत्पादकांनी चाकण येथे महामार्ग रोखला. दान वा अनुदान नव्हे, तर उत्पादन खर्चावर आधारित भाव, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नासिक जिल्ह्यात ऊस व कांद्यासाठी याहून मोठे आंदोलन झाले.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाल्यानंतर विस्तारत गेलेला कारखान्यांचा पट्टा विसाव्या शतकाच्या अखेरीस चाकणला भिडला. वाहननिर्मितीचे मोठे कारखाने येथे आले, जमिनीचे भाव पिकाच्या उत्पन्नाशी मेळ न बसण्याइतके वाढले व अनेक शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या. तरीही बाजार उठला नाही. खेड बाजार समितीच्या चाकण येथील आवारात कांदा-बटाट्याचे लिलाव होतात आणि कांद्याने भरलेल्या गाड्या वाहनांच्या सुट्या भागांच्या ट्रकांसह त्याच रस्त्यावर खोळंबतात.