भीमथडीचें पाणी

घोडनदीकांठचें शिरूर आणि भीमेकांठचें दौंड हीं दोन्ही गांवें नदीवर वसलेलीं. तरी त्यांचे तालुके पाण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे पाहत आले. सह्याद्रीच्या माथ्यावर शंभर इंचांहून अधिक कोसळणारा पाऊस या पठारावर येईतों वीस इंचांच्या आसपास उरतो, आणि तोही नेमानें येत नाहीं.

हें वैषम्य निवारण्याचा पहिला मोठा यत्न म्हणजे मुठेवरील खडकवासल्याचें धरण. फाइफ नांवाच्या लष्करी इंजिनियरानें तें योजलें. काम चालू असतांनाच १८७४-७५ सालीं शिरूर तालुक्यांतील कर्डें व भीमथडींतील सुपें या भागांतील कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर उठले, आणि १८७६ सालीं मोठा दुष्काळ पडला. दौंडचा मुलूख तेव्हां भीमथडींत मोडे. पावसाच्या लहरीची किंमत काय, हें या मुलखानें असें भोगून जाणलें.

मात्र धरणाच्या पाण्याचे आरंभापासूनच दोन धनी होते. उजवा कालवा पुण्याच्या शहर-छावणीला पाणी पुरवून मगच भीमथडीच्या शेतांकडे जाई. १९०३ सालीं विश्वेश्वरय्यांनीं आपोआप उघडणारे दरवाजे बसवून सांठा वाढविला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही भंगलें; तीं पुन्हां उभारलीं. पुढें वरसगांव व टेमघर यांची भर पडून चार धरणांचा सांठा सुमारें २९ अब्ज घनफूट झाला. शिरूरकरितां घोडनदीवर चिंचणी येथें आणि भीमेवर चासकमान येथें धरणें झालीं.

प्रत्येक टंचाईला आपण नवा सांठा हेंच उत्तर दिलें. शहर मात्र त्याहून वेगानें वाढलें. आज उन्हाळ्यांत कालव्याचें आवर्तन लांबलें कीं दौंडच्या शेवटच्या चारीवरील ऊंस वाळूं लागतो. पुण्यानें वापरलेलें पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून जुन्या कालव्यांत सोडलें जातें. तें कितपत स्वच्छ, यावर गांवोगांवच्या विहिरींचें भवितव्य अवलंबून आहे.

आतां हवामानच पालटत आहे. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मध्यें दीर्घ उघडीप देतो. जुन्या पर्जन्यमानावर बांधलेले हिशेब यापुढें जसेच्या तसे लागू पडणार नाहींत, आणि नव्या धरणांना जागाही फारशा उरलेल्या नाहींत. म्हणून शहराचा वाटा किती, शेताचा किती आणि वापरलेलें पाणी कोणत्या दर्जाचें परत द्यावयाचें, हें धरणें भरलेलीं असतांनाच ठरलें पाहिजे. टंचाईंत वाटणी करूं गेल्यास कालव्याच्या शेवटीं बसलेल्या शेतकऱ्याच्या वांट्याला कोरडी चारीच येते.