डोंबिवलीला जागा घेतलेल्यांची गोष्ट

गिरगावातली, दादरची माणसं डोंबिवलीला का गेली असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: जागा स्वस्त होत्या म्हणून. खोटं नाही ते, पण तेवढ्याने भागत नाही. स्वस्त जागा मुंबईच्या आसपास आणखी बऱ्याच ठिकाणी होत्या. डोंबिवलीला आलेल्या पहिल्या दोन पिढ्यांनी मुलं वाढवायला जे जे लागतं ते वर्गण्या काढून, बैठका घेऊन स्वतः उभं केलं. आणि जे वर्गणीतून उभं राहत नाही, म्हणजे गाडीत पाय ठेवायला जागा, वीज, स्वच्छ हवा, त्याची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यातल्याच एका घरात वाढले.

इथे आधी रूळ आले, शहर खूप नंतर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि 1 मे 1854 ला ती कल्याणपर्यंत पोचली. मधल्या डोंबिवलीच्या भातखाचरांतून ती थेट निघून जायची. डोंबिवलीला स्टेशन मिळालं 1887 मध्ये. तेव्हाही मुंबईत रोज नोकरीला जाऊन रात्री परत येणं कुणाच्या डोक्यात नसणार, कारण अंतर 48 किलोमीटरचं, कोळशाच्या इंजिनाचं आणि मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून जाण्याचं. ते अंतर तोडलं दोन गोष्टींनी. 1916 मध्ये पारसिकचा बोगदा सुरू झाला आणि जलद गाड्यांना डोंगराच्या पोटातून सरळ वाट मिळाली. मग 3 फेब्रुवारी 1925 ला व्ही.टी. ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांतच तारा कल्याणपर्यंत आल्या. या गाड्यांसाठी रेल्वेने वीजघर बांधलं ते आमच्या शेजारी, ठाकुर्लीच्या चोळे गावात. आम्ही त्याला नुसतं ‘पॉवर हाऊस’ म्हणायचो.

माणसांना गिरगावातून बाहेर ढकललं ते मात्र रेल्वेने नव्हे, भाड्याच्या कायद्याने. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. खोली ज्याच्या ताब्यात होती तो सुखी झाला. पण भाड्यातून काही सुटत नाही म्हटल्यावर भाड्याने देण्यासाठी चाळी बांधायचं मालकांनी हळूहळू थांबवलं, आणि जी खोली रिकामी होई ती पागडीशिवाय मिळेना. एका भावाचं लग्न झालं तोवर निभत असे. दुसऱ्याचं ठरलं की माळा, पडदे आणि गॅलरीतल्या गाद्या सुरू. त्याच सुमाराला दुसरं दार उघडलं. 1960 चा सहकारी संस्थांचा कायदा आणि 1963 चा मालकीच्या सदनिकांचा कायदा, या दोन्हींमुळे सोसायटी करून किंवा बिल्डरकडून ‘ओनरशिपचा ब्लॉक’ घेणं पगारदार माणसाला जमण्यासारखं झालं. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, सोसायटीचं कर्ज, आईच्या पाटल्या, आणि जागा उभी राहायची.

आमचं बिऱ्हाड ठाकुरद्वारला. बाबा फोर्टातल्या एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात होते, आई सरकारी कचेरीत. धाकट्या काकाचं लग्न ठरलं आणि बाबांनी जागा शोधायला घेतली, ती त्यांच्या पद्धतीने. कंपनीच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी आखलेले रकाने मला अजून दिसतात: बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली. खाली पासाचे पैसे, स्टेशनपासून चालायला लागणारा वेळ, मराठी शाळा, डॉक्टर, वाणी महिन्याचं खातं ठेवतो का. ठाणं त्या कागदावर जवळजवळ पक्कं झालं होतं. आईने कागद वाचला आणि विचारलं, “मी संध्याकाळी पावणेआठला घरी पोचणार. शाळा साडेपाचला सुटली की मुलींना कोण बघणार?” हा रकानाच नव्हता. आईच्या कचेरीतल्या तिघी डोंबिवलीच्या होत्या आणि त्यांच्या इमारतीत शेजारणी एकमेकींची मुलं सांभाळत होत्या. आजीनेही आपली अट घातली, की देऊळ चालत जाण्याइतकं जवळ हवं. डोंबिवलीच्या फडके रोडवरचं गणेश मंदिर 1924 पासूनचं. ठाणं मागे पडलं. आम्ही 1968 मध्ये डोंबिवलीला आलो.

पुढे मी पुष्कळ घरांतून ऐकलं तेव्हा कळलं, की बहुतेकांचा निर्णय असाच झाला होता. दर पाहून चार नावं पुढे आली, आणि त्यातलं डोंबिवली निवडलं गेलं ते कचेरीतल्या ओळखीवर, मामेबहिणीच्या सांगण्यावर, संध्याकाळी मुलांना कुणाच्या घरी बसवता येईल यावर. एक घर आलं की त्याच्या मागे त्याच चाळीतली आणखी तीन आली. सारस्वत कॉलनी, टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर या वस्त्या अशा भरत गेल्या. उपनगर निवडताना अनोळखी गावात कुणी उडी मारली नाही.

सोय म्हणाल तर नव्हतीच. पावसाळ्यात बाबा रबरी चपला घालून निघायचे, बूट आणि मोजे पिशवीत. स्टेशनाजवळच्या नळावर पाय घोट्यापर्यंत धुवायचे, खिशातल्या जुन्या फडक्याने बोटांच्या मधूनसुद्धा पुसायचे, बूट चढवायचे आणि चिखलाच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून ओळखीच्या पानवाल्याच्या फळीखाली ठेवायचे. रात्री परतताना त्याच चपला. त्या फळीखाली सात-आठ जणांच्या पुड्या असायच्या आणि कुणाची कुठली ते पानवाल्याला पाठ होतं.

ज्या जमिनीवर आमची दोन मजली इमारत उभी राहिली, ती काही वर्षांपूर्वीपर्यंत आगऱ्यांचं खाचर होती. हे मुद्दाम लिहिते आहे. चाकरमान्यांच्या डोंबिवलीचं कौतुक सांगताना पाथर्ली, आयरे, चोळे, नांदिवली, सोनारपाडा ही गावं रिक्षाच्या थांब्यांसारखी नावापुरती येतात. गुंठ्या-गुंठ्याने जमिनी गेल्या आणि भाव चढले ते त्या हातातून गेल्यावर. आमच्याकडे वाल, तोंडली आणि खाडीची कोळंबी घेऊन येणाऱ्या आगरी मावशींनी आजीला पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं, की समोरच्या सखल तुकड्यात पाणी साठतं, तिथे इमारत झाली तर तळमजला घेऊ देऊ नका कुणाला. त्या तुकड्यावर इमारत झाली. 26 जुलै 2005 ला तिथल्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. नकाशे पास करणाऱ्या कुणीही त्या मावशींना काही विचारलेलं नसणार.

आता आम्ही काय उभं केलं ते. शाळा आधी. वाढत्या मुलांना शाळा पुरेनात म्हणून मंडळी मंडळं स्थापून वर्ग सुरू करत. जागा नसेल तर दोन पाळ्या. 1970 मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली, पगारदार आणि छोट्या दुकानदारांच्या भागभांडवलावर. मग पेंढरकर कॉलेज आलं आणि शाळेनंतर मुलींना मुंबईला पाठवायचं की नाही हा घराघरातला वाद बऱ्यापैकी मिटला. हे मला कॉलेजच्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं, कारण माझ्या वयाच्या कितीतरी जणी त्याआधी या वादात हरल्या होत्या. 1986 मध्ये पै यांची फ्रेंड्स लायब्ररी सुरू झाली. लेखक पु. भा. भावे इथे राहत, शं. ना. नवरे तर शेवटपर्यंत डोंबिवलीकर होते. 1999 मध्ये गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि बघता बघता ती गावोगावची प्रथा झाली. 2017 मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, भाव्यांच्या नावाच्या नगरीत.

या यादीत सहसा न घेतली जाणारी एक संस्था आहे, पोळीभाजी केंद्र. संध्याकाळी स्टेशनबाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात पर्स, डबा आणि अर्धा किलो निवडलेली गवार असते, हे दृश्य डोंबिवलीचं. ती गवार गाडीत निवडलेली. बायकांच्या डब्यात घाटकोपर गेलं की मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, देठं एका बाजूला, शेंगा दुसऱ्या बाजूला. शेजारीण न विचारता मूठभर शेंगा उचलून मोडायला लागायची. ठाण्याला मटार, दिव्याला कोथिंबीर. आईने हे वर्षानुवर्षं केलं, नंतर मी केलं. मग कुणीतरी घरच्या घरी पोळ्या लाटून विकायला लागली, कुणी चिरलेली भाजी, आणि त्यातून गल्लोगल्ली केंद्रं झाली. नोकरी करणाऱ्या बायकांची संध्याकाळ सोडवली ती घराबाहेर न पडणाऱ्या बायकांनी, आणि त्यांनाही त्यातून स्वतःचे पैसे मिळाले. डोंबिवलीच्या सांस्कृतिकपणाचं खूप गायलं जातं. माझ्या मते तिचं खरं कर्तृत्व इथे आहे.

आणि किंमत? जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, शिवाय चालणं आणि थांबणं: दिवसाचे तीन तास. कामाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला नऊशे तास, म्हणजे रात्रंदिवस मोजून सदतीस दिवस. एका नोकरीच्या हयातीत तीन वर्षांहून जास्त काळ माणूस वाटेत असतो. मुलांसाठी घेतलेल्या घरात बाप मुलांना रविवारीच जागेपणी भेटायचा. गर्दी वाढली तसं आधी बसणं गेलं, मग आत शिरणं गेलं. सकाळी डोंबिवलीत चढता येईना म्हणून माणसं उलटी कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येऊ लागली. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं रखडलं, ते फेब्रुवारी 2022 मध्ये पुरं झालं. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडून मेली. त्यानंतर दरवाजे बंद होणाऱ्या डब्यांची घोषणा झाली. ज्यांचे पास इतक्या वर्षांपूर्वीपासून काढले जात होते, त्यांना हे इतक्या उशिरा मिळावं याचा मला संताप येतो.

विजेचंही तेच. ज्या गावाशेजारी एकेकाळी रेल्वेची वीज तयार व्हायची, त्या गावाने 2005 च्या पुढे काही वर्षं रोज तासन् तास भारनियमन सोसलं. मुंबई बेटावर तेव्हा भारनियमन नव्हतं. आमच्या शेजारची दहावीची मुलं मेणबत्तीवर गणितं सोडवत होती आणि त्यांचे आईवडील दिवसभर मुंबईच्या उजेडात काम करून येत होते. हवेबद्दल तर काय लिहावं. 1960 च्या दशकात एमआयडीसी आली, रसायनांचे कारखाने आले आणि मागाहून घरं त्यांच्या भिंतीला भिडली; घरांना परवानगी देणारे आणि कारखान्यांना देणारे एकमेकांशी बोलले असतील असं दिसत नाही. 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला तिथे स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसं मेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

माझी भाची आणि तिचा नवरा सध्या जागा बघताहेत. तो ऐरोलीला, ती वांद्रे-कुर्ला संकुलात, मुलगी तीन वर्षांची. यादीत बदलापूर, शीळ रस्त्यावरचं पलावा आणि डोंबिवलीतल्या पुनर्विकासाच्या दोन इमारती. ती म्हणाली, “मावशी, तू काय बघशील?” मी सांगितलं, आधी कागद. पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला, त्या याच कल्याण-डोंबिवलीतल्या आहेत, आणि त्यांत राहणारी माणसं आपल्यासारखीच आयुष्याची पुंजी घालून आलेली आहेत. तेव्हा ब्रोशरवरचा रेराचा नंबर पुरे नाही, पालिकेत जाऊन बांधकाम परवानगीची नक्कल स्वतः काढ. जागा रविवारी बघू नकोस. मंगळवारी सकाळी आठला त्या स्टेशनवर उभी राहा आणि चढून दाखव. जुलैत एकदा जा. वाऱ्याची दिशा बदलते तेव्हा रात्री कसला वास येतो ते तिथल्या वॉचमनला विचार. आणि इमारतीच्या जिन्यात संध्याकाळी सहा वाजता दहा मिनिटं थांब. दारं उघडी असतील, कुणाची मुलं कुणाच्या घरात जाताना दिसत असतील, तर भावात पाच-पन्नास हजार इकडेतिकडे झाले तरी ती जागा सोडू नकोस.