दोस्ताला दिलेले उसने पैसे परत मिळत नसतील तर काय करावे?

दोस्तीत कागद कशाला, असं म्हणत आपण उसने पैसे देतो. पुढे पैसे अडकले की तोच कागद नसल्यामुळे पैसेही जातात आणि दोस्तीही. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीचं कर्ज लिहून ठेवायला आणि गवाह ठेवायला सांगितलं आहे. 280 व्या आयतीत कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवलत देण्याची ताकीद आहे. म्हणून आधी एकच गोष्ट तपासा: समोरचा देऊ शकत नाही, की देत नाही? देऊ शकत नसेल तर मुदत जरूर वाढवा, पण लिहून.

मुदत 3 वर्षांची

लिमिटेशन ॲक्ट, 1963 नुसार उसन्या पैशाचा दावा 3 वर्षांत लावावा लागतो. परतीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. ठरली नसेल तर पैसे दिले त्या दिवसापासून, मागितले त्या दिवसापासून नव्हे. समजा, 10 जून 2024 ला 80 हजार दिले आणि तारीख ठरवली नाही, तर 10 जून 2027 पर्यंतच दावा लावता येतो. “पुढच्या महिन्यात देतो” ऐकण्यात ही वर्षं निघून जातात.

मुदत संपण्याआधी त्याने “इतके पैसे देणं आहे” असं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून पुन्हा 3 वर्षं मिळतात. थोडे पैसे परत दिले तर त्याचीही नोंद त्याच्या सहीने घ्या.

पुरावा काय चालतो?

बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयची नोंद, वचनचिठ्ठी, साक्षीदार. व्हॉट्सॲपचे मेसेजही पुरावा म्हणून देता येतात, मात्र सोबत ठराविक प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाईल बदलला तरी चॅट पुसू नका. 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ नका. आयकर कायद्याला ते मान्य नाही.

पायऱ्या

1. आधी दोघांच्या ओळखीच्या बुजुर्गांना मध्ये घ्या. तडजोड झाली तर तारखा आणि हप्ते लिहून दोघांनी सह्या करा.

2. नाही जमलं तर वकिलामार्फत नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

3. मग दिवाणी दावा. तो जिथे राहतो किंवा जिथे व्यवहार झाला तिथल्या कोर्टात. मुंबई, पुणे, नागपूरला लघुवाद न्यायालयं आहेत. इतरत्र छोट्या रकमेचे दावे सहसा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातात. तुमच्या रकमेसाठी कोर्ट कोणतं आणि फी किती, हे वकिलाकडून आधीच विचारून घ्या.

4. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर ऑर्डर 37 खाली समरी दावा लावता येतो. यात समोरच्याला बचावासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून निकाल लवकर लागण्याची शक्यता असते.

5. त्याने दिलेला चेक बाउन्स झाला असेल तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत कलम 138 ची तक्रार करा.

काही शंका

व्याज मागावं लागतं का? नाही. फक्त मुद्दल आणि कोर्टाचा खर्च मागता येतो.

पोलिसांत जावं का? नुसते पैसे न देणं हा गुन्हा नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा असेल तर गोष्ट वेगळी.

लोकअदालत? जरूर. दावा तिथे मिटला तर कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्यावर अपील नसतं. दोस्तीत कमीत कमी कडूपणा राहतो तो याच वाटेने.

वकील परवडत नसेल तर? तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

निकाल लागला म्हणजे पैसे लगेच हातात येतात असं नाही. समोरच्याने तरीही दिले नाहीत तर वसुलीसाठी दरखास्त करावी लागते. त्यासाठी 12 वर्षांची मुदत आहे.

आज कोणाकडे पैसे अडकले असतील तर सगळ्यात आधी पैसे दिल्याची तारीख शोधा.